भादव्यात पिकलेला बदाम

"बाई, बदाम पिकला!"

प्रार्थना अजून संपायची होती, तरी तिसरी-चौथीची रांग मोडली आणि पोरं आवारातल्या झाडाकडे धावली. मला वाटलं, फळं पिकली असतील. जाऊन बघते तर खाली चार-पाच पानं पडलेली, तांबडीभडक, आणि वर एका फांदीवर तशीच आणखी दहा-बारा.

आमच्या बोरखडीच्या शाळेतला हा देशी बदाम दरवर्षी लाल व्हायचा, पण तो पौषात. थंडी पडली की पंधरा दिवसांत झाड असं पेटायचं की एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघायची. आणि आत्ता तर भादवा चालला होता. गणपती जाऊन चार दिवस झाले होते आणि ओढ्याला गुडघाभर पाणी होतं.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. शाळा दोन शिक्षकी होती. पहिली-दुसरी मुख्याध्यापक चौगुले सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आडनाव तोडकर असलं तरी त्या झाडाचं पानसुद्धा मी कुणाला तोडू देत नसे. उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालायचे, भोवती दगडांचं आळं करून घेतलं होतं. जूनमध्ये मोरी तुंबली, तेव्हापासून स्वयंपाकाचं पाणीही वाया न घालवता बुंध्यातच ओतायला मी हौसाक्काला बजावलं होतं. हौसाक्का म्हणजे शाळेत पोरांचा भात शिजवणारी बाई.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव संशयी. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर धरून बघणारी मी. पोरांच्या गृहपाठात आईचं अक्षर ओळखायची, सरांच्या हजेरीपटातली खाडाखोड हेरायची. पोरं माझ्यामागे मला 'सीआयडी बाई' म्हणत, आणि मला ते मनातून आवडायचं.

त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पोरांना झाडाखालीच बसवलं.

"पान लाल का होतं? सांगा बघू."

"पिकतं म्हणून," सगळे एका सुरात.

"आंबा पिकतो तसं?"

"व्हय. पिकलं की गळतं."

"चूक. आंबा पिकतो तेव्हा त्यात गोडी भरते. पानाचं उलटं असतं. आता मला सांगा, महिनाभर गावाला जायचं असलं, तर घराला कुलूप लावायच्या आधी तुमची आई काय करते?"

"पीठ डब्यात घालती."

"दूध पिऊन टाका म्हणती."

"उरल्यालं कालवण शेजारच्या काकूला देती. काकू आमाला आंबलेलं देती तसं न्हाई," असं एकानं पुरवलं आणि हशा झाला.

"झाडही तेच करतं. पावसाळा सरला की पुढं पाणी कमी मिळणार हे त्याला कळतं. पानांतून तर पाणी सारखं उडून जात असतं. मग झाड ठरवतं की पानं सोडायची. पण सोडण्याआधी पानातला हिरवा रंग मोडतं आणि त्यातला कामाचा ऐवज खोडात परत घेतं. हिरवं गेलं की खाली आधीपासून लपलेला पिवळा दिसायला लागतो. आपल्या बदामासारखी काही झाडं जाता जाता लाल रंग नवा तयार करतात. मग देठाशी पान सुटतं आणि पडतं. म्हणजे पान पिकत नाही, झाड आवरून घेतं."

पोरांना पटलं. दोघीतिघी खाली पडलेली पानं उलटीसुलटी करून बघायला लागल्या. फक्त कांचननं हात वर केला. कांचन सुतार, चौथीतली. आई-बाप इचलकरंजीला मागावर कामाला, ही इथं आजोबांकडे. बोरखडीतून तोवर एकही पोर शिष्यवृत्तीच्या यादीत आलं नव्हतं, आणि येईल तर हीच येईल अशी माझी खात्री होती.

"बाई, पण आत्ता वड्यात पाणी मावंना. मग ह्या झाडाला पाणी कमी पडणार असं का वाटलं?"

"चांगला प्रश्न आहे," एवढं मी म्हणाले. शिक्षक असं म्हणतो तेव्हा त्याचं काय झालेलं असतं, ते शिक्षकांना ठाऊक असतं.

मधल्या सुट्टीत मी झाडाभोवती चक्कर मारली. कमरेएवढ्या उंचीवर खोडाला मातीचा ताजा लिंप दिसला. नखानं उकरला, तर आत करंगळी जाईल एवढं भोक. आणि नाकात दपकन वास शिरला. हिंगाचा!

झाड मारायला आमच्याकडे कुऱ्हाड लागत नाही. खोडाला भोक पाडायचं, हिंगाचा खडा दाबायचा, वरून माती लिंपायची. झाड आतल्या आत वाळतं आणि वाटतं की आपोआप मेलं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगतं. कुणीतरी माझ्या झाडाचा खून करत होतं आणि पोरांना वाटत होतं, बदाम पिकला.

आधी हौसाक्काचा हिंगाचा डबा तपासला. भरलेला होता.

"काय झालं बाई, आमटी बिघडली व्हय?" ती घाबरून म्हणाली. मी झाकण लावलं.

मग चौगुले सरांकडे बघितलं. स्नेहसंमेलनासाठी झाडाच्या जागी पक्का रंगमंच बांधावा असं त्यांच्या डोक्यात दोन वर्षं होतं. "सर, आपल्या झाडाला काहीतरी झालंय," मी म्हणाले. ते वर न बघता म्हणाले, "असं? बघू." हे 'बघू' मला अजिबात आवडलं नाही.

पण खरा संशय तिसऱ्यावर होता. आवाराच्या भिंतीला लागून सुबराव सुतारांचं दुकान होतं. कांचनचे आजोबा. बदामाची पानं त्यांच्या पत्र्यावर पडायची, पन्हळ तुंबायची आणि पाणी आत नवीन दारांवर गळायचं. श्रावणात ते भिंतीवरून मला म्हणाले होते, "बाई, ह्या झाडानं माझा जीव खाल्ला. एक दिवस हिंग घालतो बगा ह्याला." भोक पाडायचं गिरमिटही गावात त्यांच्याचकडे. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

तरी मी घाई केली नाही. पुरावा हवा होता. मी पोरांना काम दिलं. प्रत्येकानं रोज झाडाची लाल पानं मोजायची, कुठल्या फांदीवर किती ते वहीत लिहायचं आणि काही वेगळं दिसलं तर तेही. पोरांना वाटलं, हा परिसर अभ्यास. मला मात्र विषप्रयोगाची नोंद हवी होती.

शुक्रवारी वह्या गोळा झाल्या. मी तपासायला बसले ती मुद्दाम खिडकीपाशी, म्हणजे सुतारांचं दुकान दिसेल. हात सह्या करत होता, डोळा दुकानावर होता. सुबराव दोनदा भिंतीपाशी आले, झाडाकडे वर बघितलं आणि मी दिसताच आत गेले. खाई त्याला खवखवे, मी मनाशी म्हणाले आणि पुढच्या वहीवर सही केली.

सोमवारी दुपारी ते सापडले.

पोरं ताटं घेऊन रांगेत बसली होती. पाच-सहा आया धाकट्यांना भरवायला आल्या होत्या. हौसाक्का भात वाढत होती. तेवढ्यात भिंतीच्या खिंडारातून सुबराव आत आले, हातात बाटली आणि काडीला गुंडाळलेला कापूस. सरळ झाडाकडे गेले आणि लिंप उकरायला लागले.

मी धावतच गेले. "मिस्त्री! काय आहे बाटलीत?"

"हिंगाचं पाणी," ते शांतपणे म्हणाले.

"म्हणजे कबूल आहे तुम्हाला?"

"कशाचं कबूल?"

"झाड मारायला निघालात त्याचं! पत्र्यावर चार पानं पडतात म्हणून शाळेचं झाड मारता? त्याच्याच सावलीत तुमची नात शिकते, थोडी तरी लाज वाटायला हवी होती. हिच्यावर काय संस्कार करणार तुम्ही?"

एका बाईनं भरवायचा घास तसाच हातात धरला. कांचन ताट टाकून उठली.

"बाई, आबा न्हाई ओ. ते झाड तर..."

"तू मध्ये बोलू नकोस. खाली बस."

सुबरावांनी बाटलीला बूच लावलं. "बाई, चाळीस वर्सं गिरमिट मारतोय. ह्या हातानं पाडल्यालं भोक कसं असतं, तेवढं तरी बगायचं हुतं."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणाले.

त्यांनी कांचनचा हात धरला, तिचं दप्तर उचललं आणि ज्या खिंडारातून आले होते तिथूनच गेले. आया आपसात कुजबुजल्या. चौगुले सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जरा जास्तच झालं, बाई." माझ्या मनात आलं, हे सुबरावांची बाजू का घेतात?

मंगळवारी कांचन आली नाही. बुधवारीही नाही. तिची जागा पहिल्या रांगेत, खिडकीच्या कडेला. मी गणित घालायचे आणि सवयीनं तिकडे बघायचे. बाकीची पोरं उत्तर चुकली तरी कुणी हसत नव्हतं. गुरुवारी सकाळी तिच्या शेजारच्या पोरीनं सांगितलं, "बाई, कांचनला इचलकरंजीला धाडणार हायत. तिचे आबा दाखला न्यायला येणार."

इचलकरंजीला ती धाकट्या भावाला सांभाळत घरात बसणार होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आणि झाड? सुबराव तीन दिवस इकडे फिरकले नव्हते, तरी ते रोज आणखी लाल होत होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदा ते भोक नीट बघितलं. आठ दिवस फिर्यादी आणि न्यायाधीश दोन्ही मीच होते, पण पंचनामा कुणी केलाच नव्हता. माती पूर्ण काढली. गिरमिटाचं भोक नाण्यासारखं गोल असतं. हे वेडंवाकडं होतं, आत जाऊन वर वळलेलं. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक आत घातलं तर लाकडाचा चघळलेला भुसा निघाला आणि भुशाबरोबर एक मेलेली अळी, करंगळीएवढी जाड. खोडकिडा!

मी तशीच दुकानात गेले. सुबराव एका चौकटीवर रंधा मारत होते. मला बघून थांबले नाहीत.

"किडा होता," मी म्हणाले.

"हुता."

"तुम्ही त्यासाठी हिंगाचं पाणी घालत होता."

"माजा बा आंब्याला असंच करायचा. कापूस भिजवून कोंबायचा आन् वरनं माती लिंपायची. किडा गुदमरून मरतो."

"पण श्रावणात तुम्हीच म्हणाला होता, हिंग घालतो म्हणून."

"म्हणलो हुतो की. म्हातारीलाबी रोज म्हणतो, हिरीत ढकलतो म्हणून. पन्नास वर्सं झाली, नांदतिया."

आतून त्यांची बायको काहीतरी पुटपुटली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"मग सोमवारी तसं सांगितलं का नाहीत?"

आता ते थांबले. रंधा बाजूला ठेवला. "तुमी इचारलं कुटं, बाई? तुमी सांगितलं."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. "माझं चुकलं, मिस्त्री. मला माफ करा. कांचनला पाठवा उद्या."

त्यांनी चौकटीवरून हात फिरवून भुसा झटकला. मग म्हणाले, "चोर म्हणला ते चारचौघांत, आन् माफी हितं भुशात मागताय व्हय? माजं जाऊ द्या, मला गावात कोण हिंग लावून इचारतंय? पण ह्या पोरीनं तुमचं तोंड बगून मान खाली घातली. तिला उद्या वर्गात कोण काय म्हणंल? दाखला लिवून ठेवा. दुपारी येतो."

मी दाखला लिहिला नाही. सकाळी चौगुले सरांनी विचारलं, तेव्हा "लिहिते" म्हणून शाईची बाटली शोधत बसले.

दुपारी पोरं ताटं घेऊन बसली. आयाही होत्या. सोमवारपासून बातमी पसरली होती, त्यामुळे जरा जास्तच होत्या. सुबराव दारातून आले, या वेळी खिंडारातून नाही. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. मागे कांचन. मी तिथंच, भाताच्या रांगेपुढं उभी राहिले.

"सगळ्यांनी इकडं ऐका," मी म्हणाले. "सोमवारी मी सुबराव मिस्त्रींना चोर म्हटलं. ते खोटं होतं. झाडाच्या खोडात किडा होता. तो त्यांनी मारला. ते झाड वाचवत होते आणि मी न बघता, न विचारता त्यांचा अपमान केला. मी त्यांची माफी मागते. कांचनचीही मागते. ती सांगत होती, मी तिला गप्प बसवलं."

आणि मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते पटकन मागे सरले. "आवो बाई, हे काय! मास्तरणीनं पाया पडायचं नसतं." मग कुणाकडेच न बघता त्यांनी पटका सारखा केला आणि कांचनच्या पाठीवर हात ठेवला. "जा. ताट घे."

पोरांच्यात एकदम गलका झाला. तिच्या शेजारणीनं सरकून जागा केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते लपवायला मी झाडाकडे वळले. ते तसंच लाल दिसत होतं, किंबहुना आदल्या दिवसापेक्षा जास्तच.

"पण मिस्त्री, किडा मेला ना? मग हे अजून का लाल होतंय?"

"त्येच मलाबी कळंना. एवढ्याशा किड्यानं एवढं झाड न्हाई वाळत," ते म्हणाले. "दुसरं कायतरी हाय."

दुसरं कायतरी. म्हणजे दुसरं कुणीतरी! माझी नजर आपसूक चौगुले सरांकडे वळली. ते ऑफिसच्या दारात उभे राहून दात कोरत होते. रंगमंच, मला आठवलं.

"बाई," कांचन ताट हातात घेऊन उभी होती. "मी लिवलंय की वहीत."

"काय लिहिलंयस?"

"झाड का लाल होतंय ते. सोमवारीबी त्येच सांगत हुते."

सोमवारी सकाळी पोरांना शेरे दाखवून परत घेतलेल्या वह्या कपाटातच होत्या. मी कांचनची वही काढून बाहेर आणली आणि उभ्यानंच उघडली. ज्या शुक्रवारी मी खिडकीपाशी बसले होते, त्याच दिवसाची नोंद होती. 'आबांच्या दुकानाकडची फांदी, लाल पानं शून्य. रस्त्याकडची फांदी, तीन. स्वयंपाकखोलीकडची फांदी, एकेचाळीस.' खाली दोन ओळी सोडून लिहिलं होतं, 'हौसाक्का जिथे गरम पेज आणि भांड्यांचं सोड्याचं पाणी ओततात, तिथलं गवतपण पिवळं झालं आहे. तिथली मुळं भाजली असतील का? मुळं भाजली तर झाडाला जमिनीतलं पाणी पिता येत नसेल. म्हणून त्याला वाटलं असेल की पाणी संपलं.'

त्याच्याखाली लाल शाईत होतं, 'छान. अक्षर सुधार.' आणि माझी सही, तारखेसकट.

"तुमी छान लिवलं, म्हणून मला वाटलं तुमाला कळलं," कांचन म्हणाली.

सुबराव माझ्या खांद्यामागून वहीत डोकावले. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. कांचननं वही माझ्या हातातून घेतली आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, माझ्या शेऱ्यासकट.

हौसाक्का दुसऱ्या पंगतीचा भात वेळून पेजेचं वाफाळतं पातेलं दोन्ही हातांनी फडक्यात धरून निघाली होती. नेहमीच्या वाटेनं झाडाजवळ पोचली आणि ऐकून जागच्या जागी थांबली. तिनं खाली पिवळ्या गवताकडे बघितलं, मग वर फांदीकडे, मग माझ्याकडे.

"बाई, बुंध्यात वत म्हणून तुमीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "आता ही कुटं वतू?"